साहेबांचं कॉलेजचं वर्ष काढा, मग गाणं निवडा: टोकियोतल्या ऑफिस कराओकेचा अनुभव

जपानला यायच्या आधी सगळे सगळं सांगतात, कचरा कसा वेगळा करायचा, ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, पण बोनेन्काईनंतर म्हणजे डिसेंबरातल्या ऑफिसच्या पार्टीनंतर रात्री साडेनऊला कराओकेच्या रूममध्ये पासष्टीच्या माणसाने हसत हसत हातात माईक दिला की नेमकं कुठलं गाणं लावायचं, हे कोणी म्हणजे कोणी सांगत नाही. मी मूळची सांगलीची, सध्या टोकियोतल्या निशिकासाईला राहते, तिथे आपली माणसं इतकी आहेत की कढीपत्ता आणि पोहे चालत जाऊन आणता येतात. पण ऑफिसात मात्र मी एकटीच भारतीय, आणि टीममधले निम्मे लोक पन्नाशीच्या पुढचे.

आमचे बुच्यो म्हणजे डिपार्टमेंटचे मोठे साहेब अठ्ठावन्नचे, काच्यो म्हणजे त्यांच्या हाताखालचे साहेब त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान, सोमुमध्ये म्हणजे प्रशासनात एक पंचावन्नच्या आसपासच्या बाई आहेत ज्यांच्याशिवाय ऑफिसातलं पानही हलत नाही, आणि एक आजोबा आहेत, रिटायर होऊन परत कॉन्ट्रॅक्टवर घेतलेले, सदुसष्ट-अडुसष्टचे. शिवाय तीनचार तरुण पोरं, जी बोलावल्याशिवाय गात नाहीत. आधी इझाकायात, म्हणजे इथल्या साध्या बारमध्ये, दोन तास खाणंपिणं, मग निजिकाई म्हणजे दुसरा राउंड, तो बहुतेक वेळा कराओके. हल्ली सक्ती कोणी करत नाही, कोरोनानंतर तर बऱ्याच ठिकाणी हे प्रकारच कमी झाले, पण आमच्याकडे अजून चालू आहे आणि खरं सांगायचं तर मला आवडतं, कारण दिवसभर ईमेलमध्ये अतिशय औपचारिक लिहिणारी माणसं तिथे वेगळी दिसतात.

सुरुवातीला मी नुसतं बघत बसायचे, हातात उलाँग चहा आणि एक खुळखुळा. तेवढ्यातच बरंच कळलं. आमच्या एका तरुण मुलाने केन्शी योनेझुचं 2018 चं 'लेमन' म्हटलं, अक्षरशः रेकॉर्डसारखं, सूर कुठे हलला नाही, आणि लोकांनी शांतपणे ऐकून टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा आपापल्या ग्लासात डोकं घातलं. त्याच्यानंतर काच्यो उठले, ज्यांना सूर नावाची गोष्ट देवाने दिलेलीच नाही, आणि त्यांनी चागे अँड आस्का या जोडीचं 1993 चं 'याह याह याह' लावलं, आणि कोरस आला तशी अख्खी रूम मुठी वर करून उभी. सोमुच्या बाईसुद्धा. म्हणजे इथे चांगलं गाणाऱ्याला मार्क नाहीत, रूम उठली का नाही त्याला मार्क आहेत. खरोखरचे मार्क देणारी सोय मशीनमध्ये असते, पण आमच्यात ती बंदच ठेवतात, साहेबांना बासष्ट पडले तर पुढचं कोण निस्तरणार.

मग मी ठरवलं की दरवेळी खुळखुळा वाजवत बसण्यात अर्थ नाही, आपली तीनचार गाणी तयार पाहिजेत. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, मोठ्या वयाची माणसं आहेत ना, मग एन्का शिक. एन्का म्हणजे ते जुन्या धाटणीचं, आवाज हलवत म्हणायचं, बंदर, पाऊस, बर्फ, सोडून गेलेला माणूस वगैरे. मला हे आधीपासूनच पटत नव्हतं. आपल्याकडे पंचावन्नच्या काकांना खूश करायचं म्हणून कोणी नाट्यसंगीत सुरू केलं तर काका सभ्यपणे मान हलवतील, पण त्यांच्या मनात कुमार सानू चालू असणार. तसंच इथे. म्हणून मी साधं गणित केलं, माणसाच्या वयाच्या पंधरा ते वीस या काळातली वर्षं काढायची आणि त्या वर्षांतलीच गाणी बघायची. बुच्यो अठ्ठावन्नचे, म्हणजे त्यांची वर्षं साधारण 1982 ते 87. काच्योंची नव्वदीच्या दशकाची सुरुवात आणि मधली वर्षं. आजोबांची मात्र सत्तरीच्या दशकाची मधली आणि पुढची वर्षं, म्हणजे एन्काला गिऱ्हाईक असलंच तर ते एकटेच.

आता नुसतं वर्ष कळून भागत नाही, कारण त्या वर्षात शेकडो गाणी आली असणार. मग मी जेवणाच्या सुट्टीत विचारायला लागले, शाळा-कॉलेजात असताना काय ऐकायचात म्हणून. हा प्रश्न फारच भारी निघाला. एरवी 'हो', 'बघतो' आणि 'कठीण आहे' याच्यापलीकडे न बोलणारे बुच्यो त्या दिवशी समोरच्या सोबा नूडल्स गार होईपर्यंत बोलत होते. त्यांच्या वेळी रेकॉर्ड भाड्याने द्यायची दुकानं निघाली होती, पहिलं 1980 मध्ये इथेच टोकियोच्या बाजूला मिताकात, आणि ती रेकॉर्ड आणून घरी कॅसेटवर भरून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायची. आणि दर गुरुवारी रात्री नऊला 'द बेस्ट टेन' नावाचा टीव्हीवरचा कार्यक्रम, 1978 ते 89 चाललेला, तो बघितला नाही तर शुक्रवारी वर्गात तोंड दाखवायची सोय नाही. या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालक कोण, तर तेत्सुको कुरोयानागी, म्हणजे आपल्याकडे घरोघरी वाचली जाते ती तोत्तोचान! मी हे ऐकून एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. लहानपणी ज्या मुलीची गोष्ट वाचली ती मोठी होऊन माझ्या साहेबांना गाण्यांचे नंबर सांगत होती, मला हे माहीतच नव्हतं.

तर त्या गप्पांमधून एक लांबलचक यादी झाली आणि मग चाळण लावायला घेतली. माझी पहिली अट, बाकीच्यांना करायला काहीतरी पाहिजे, ओरडायला, हात वर करायला, मध्येच 'हे' म्हणायला. दुसरी, शब्द माझ्या तोंडात बसले पाहिजेत. स्क्रीनवर कांजी म्हणजे चिनी अक्षरांच्या डोक्यावर बारीक अक्षरात उच्चार लिहिलेला असतो, त्यामुळे वाचता येतं, पण वाचता येणं आणि त्या स्पीडला म्हणता येणं यात फरक आहे. सदर्न ऑल स्टार्सचं पहिलंवहिलं गाणं, 1978 चं 'कात्ते नी सिंदबाद', टीममध्ये सगळ्यांचं लाडकं, पण त्यात शब्द असे पळतात की जपानी माणसाचीसुद्धा जीभ अडखळते, ते मी बुच्योंसाठी सोडलं. आणि तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची, ते गाणं दुसऱ्या कोणाचं नसलं पाहिजे. प्रत्येकाचं एक ठरलेलं हुकमी गाणं असतं आणि ते साहेबांच्या आधी तुम्ही म्हणून टाकलंत तर कोणी काही बोलणार नाही, पण रूममध्ये हवा बदलते. हे शोधायचा सोपा उपाय म्हणजे सोमुच्या बाई. कोण काय गातं, कोणाला कुठलं गाणं लागलं की रडू येतं, कोणाचा घटस्फोट झालाय आणि कुठली गाणी टाळायची, सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात.

टाळायची म्हणजे खरंच काही गाणी आहेत. सदर्न ऑल स्टार्सचंच 2000 सालचं 'त्सुनामी', प्रचंड गाजलेलं प्रेमगीत, चाल सोपी, मला पाठही झालं होतं. पण मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर ते नाव घेताना लोक विचार करतात, आणि आमच्या टीममध्ये एक जण मियागीचे, म्हणजे तेव्हा झोडपलेल्या भागातलेच आहेत. त्यांनी कधी काही म्हटलेलं नाही, पण मी यादीतून काढलं. सायुरी इशिकावाचं 'आमागी-गोए' 1986 चं, गाणं म्हणून अफाट, पण त्यातली बाई प्रियकराला दुसऱ्या कोणाकडे जाऊ देण्यापेक्षा मारून टाकू का असा विचार करते, ते मी ऑफिसच्या लोकांसमोर म्हणणार नाही. तेरेसा तेंग, मूळची तैवानची, जपानीत इतकी स्वच्छ गायची की परदेशी माणसाने उच्चार शिकायला तिच्यासारखी गुरू नाही, लय पण संथ. तिचं 1986 चं 'तोकी नो नागारे नी मी ओ माकासे' मी घेतलं, आणि त्याच्या आदल्या वर्षीचं 'आइजिन' सोडलं, कारण ते चोरट्या प्रेमातल्या बाईचं गाणं आहे आणि तसलं काही म्हटलं की एखादा जण दारूच्या भरात उगाच काहीतरी विनोद करणार.

तो विषय निघालाच आहे तर ड्युएटचं सांगते. 1961 चं 'गिन्झा नो कोई नो मोनोगातारी' हे पुरुष-बाईचं ड्युएट इथल्या जुन्या पिढीचं ठरलेलं गाणं, आणि पूर्वी म्हणे कोणीही साहेब उठून कोणत्याही मुलीला 'चल माझ्याबरोबर' म्हणायचे. आता कराओकेत जबरदस्तीने गायला लावण्याला छळ म्हणतात आणि त्याला वेगळा शब्दसुद्धा झालाय, त्यामुळे लोक जपून असतात. तरी एकदा दुसऱ्या डिपार्टमेंटचे एक गृहस्थ माईक घेऊन माझ्याकडे यायला लागले, तेव्हा सोमुच्या बाई मधूनच उठल्या, तो माईक स्वतःच्या हातात घेतला आणि ते गाणं त्यांच्याबरोबर असलं काही दणकून म्हटलं की ते गृहस्थ दुसऱ्या कडव्यापर्यंत घामाघूम. मी तेव्हापासून त्या बाईंची फॅन आहे.

आणि हो, बॉलिवूड. दरवेळी कोणीतरी म्हणणारच, इंडियाचं काहीतरी होऊन जाऊ दे, डान्स, डान्स! मोठ्यांच्या डोक्यात 1998 ला इथे गाजलेला रजनीकांतचा 'मुथू' आणि लहानांच्या डोक्यात 2022 ला लागलेला 'आरआरआर', आणि मी दोन्हीपैकी कुठलीच भाषा बोलत नाही हे सांगून दमले. एखाद्या वेळी ठीक आहे, पण आपल्याला कोणीच साथ देऊ शकत नाही असं गाणं म्हणजे तीनचार मिनिटं सगळे कौतुकाने आपल्याकडे बघत बसणार, मला ते नकोसं होतं. गंमत म्हणून बघण्यापेक्षा सोबत ओरडलेलं बरं.

तर चाळणीतून उरलेली गाणी. सुरुवातीला मी 'गाकुएन तेन्गोकु' लावते, फिंगर फाइव्ह या भावंडांच्या ग्रुपचं 1974 चं, नंतर 1989 ला क्योको कोइझुमीने पुन्हा म्हटलेलं, त्यामुळे आजोबांपासून काच्योंपर्यंत सगळ्यांना माहीत. यात सुरुवातच अशी आहे की मी 'हे' म्हटलं की सगळ्यांनी 'हे' म्हणायचं, शब्द माहीत असायची गरजच नाही. हे पहिल्यांदा लावलं तेव्हा आमचा लाजरा इंटर्नसुद्धा ओरडला, माझा जीव भांड्यात पडला. हिदेकी साइजोचं 1979 चं 'यंग मॅन' पण तसंच, व्हिलेज पीपलच्या वायएमसीएचं जपानी रूप, हातांनी ती चार अक्षरं सगळे करतातच, सत्तरीचा माणूस असो की पंचविशीचा, पण ते बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी आधीच लावतं.

सोमुच्या बाईंसाठी 'डान्सिंग हीरो', योको ओगिनोमेचं 1985 चं. त्या म्हणाल्या की त्यांच्या गावाकडे, नागोयाच्या बाजूला, उन्हाळ्यातल्या बोन ओदोरीत, म्हणजे गोल करून सगळा गाव नाचतो ना त्यात, पारंपरिक गाण्यांच्या मध्ये हे डिस्को गाणं लावतात आणि सगळे त्यावर गोल फिरतात. आणि 2017 मध्ये ओसाकाच्या एका हायस्कूलच्या मुलींनी खांद्यांत पॅड घातलेले भडक कपडे घालून यावर नाच केला तो व्हिडिओ इतका पसरला की तरुण पोरांनाही हे गाणं माहीत झालं. म्हणजे एका गाण्यात दोन पिढ्यांचा प्रश्न सुटला. बाई आणि मी मिळून म्हणतो, त्या स्टेप्स करतात, मी शब्द सांभाळते.

'द ब्लू हार्ट्स'चं 'लिंडा लिंडा', 1987 चं, बुच्योंच्या वर्षांतलं. सुरुवात अगदी हळू, एकट्याने, मग एकदम ड्रम आणि सगळे उड्या मारायला मोकळे. यात शब्द थोडे, ओरडणं जास्त, त्यामुळे परदेशी माणसासाठी सोन्यासारखं गाणं. पण हे रात्री उशिराच लावायचं, सगळ्यांचे टाय सैल झाल्यावर, आधी लावलं तर आपणच एकटे उड्या मारत राहतो. बुच्यो याला खुर्चीवरून उठतात पण उड्या मारत नाहीत, गुडघा दुखतो म्हणे, नुसता टाय फिरवतात.

आता आजोबा. त्यांच्यासाठी काय करावं हे बरेच दिवस सुचत नव्हतं, कारण एन्का मला जमेल असं वाटत नव्हतं, त्यात आवाजाला जो कोबुशी म्हणतात तो हेलकावा देतात, तो ऐकायला सोपा आणि गळ्यातून काढायला अवघड. एका रात्री त्यांनीच मासाओ सेनचं 'किताग़ुनी नो हारु' लावलं, उत्तरेकडच्या प्रदेशातला वसंत, 1977 चं. दुसऱ्या ओळीलाच मी सावरून बसले, अरे हा तर भूप! मी लहानपणी गंधर्वच्या परीक्षा दिल्यात, प्रवेशिका पूर्णपर्यंत, पुढे बारावीत सुटलं, पण सा रे ग प ध कानात पक्कं बसलेलं असतं. इथल्या बऱ्याच जुन्या गाण्यांत चौथा आणि सातवा स्वर गाळतात, म्हणजे आपल्या भाषेत म नि वर्ज्य. चलन आपल्या भूपासारखं नाही, पण स्वर तेच. आणि तो कोबुशी म्हणजे एक छोटीशी मुरकी, तेवढीच. दुसऱ्या दिवशी घरी पेटीच्या ॲपवर वाजवून बघितलं आणि आठवडाभर भांडी घासताना तेच चालू.

आणि त्याचे शब्द! शहरात नोकरीला आलेला माणूस, गावाकडे वसंत आलाय हे तुला तिथे कळणार नाही म्हणून आईने छोटंसं पुडकं पाठवलंय, आणि हा विचार करतोय की जावं का गावाला परत. मी हे वाचलं तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात आईने सांगलीहून पाठवलेला गोडा मसाला आणि मेतकुटाचा डबा समोरच होता, कस्टम्सवाल्यांनी चिकटपट्टी फाडून परत लावलेला. म्हणजे अभिनय करायची गरजच नव्हती.

आता अडचण अशी की हे गाणं आजोबांचं. मी थेट त्यांनाच विचारलं, तुमचं गाणं मी म्हटलं तर चालेल का, एकत्र म्हणूया का. ते आधी हात हलवून नाही नाही म्हणाले, मग म्हणाले पहिलं कडवं तू म्हण. त्या रात्री मी म्हटलं. भारतीय पोरगी एन्का म्हणतेय म्हणून बाकीचे हसायच्या तयारीत होते, पण पहिली मुरकी पडली आणि मागून कोणीतरी जोरात 'ओ' केलं. बुच्यो म्हणाले ही तर जेरो झाली. जेरो म्हणजे पिट्सबर्गहून आलेला कृष्णवर्णीय अमेरिकन गायक, 2008 ला इथे एन्काचा गायक म्हणून पुढे आलेला, इथल्या लोकांना त्याचं फार कौतुक. आजोबा मात्र काही बोलले नाहीत, दुसऱ्या कडव्याला त्यांनी माईक घेतला आणि माझ्यापेक्षा कितीतरी कमी हरकती घेऊन सरळ म्हटलं. मला मग कळलं की मी जरा जास्तच सजवत होते.

थोडं तांत्रिक. हातातल्या टॅब्लेटला, म्हणजे देनमोकुला, त्या रूममध्ये आधी काय काय वाजलं त्याची यादी असते, ती उघडून बघितली की तुमच्या आधी तिथे कोण बसलं होतं याचा अंदाज येतो आणि सुचत नसेल तर गाणं पण सापडतं. दशकावरून शोधायची पण सोय आहे. पुरुषांची गाणी मी पट्टी तीनचार घर वर करून म्हणते, ते बटण आधीच दाबून ठेवायचं, गाणं चालू झाल्यावर खालीवर केलं की सगळ्यांचाच सूर पडतो. कडवं लांबतंय आणि लोक कंटाळलेत असं वाटलं तर एका कोरसनंतर गाणं थांबवायचं, यात कोणाला अपमान वाटत नाही, उलट बरं वाटतं. दुसरा गात असताना टॅब्लेटमध्ये डोकं घालून आपलं गाणं शोधत बसायचं नाही, आजोबांना ते अजिबात आवडत नाही, ते म्हणतात त्यांच्या तरुणपणी एवढ्या खोल्याबिल्या नव्हत्याच, 'स्नॅक' म्हणतात त्या छोट्या दारूच्या बारमध्ये अनोळखी गिऱ्हाइकांसमोर एकाच माईकवर पाळीपाळीने गायचं, तेव्हा दुसऱ्याचं गाणं ऐकलं नाही तर आपल्यालाही कोणी ऐकायचं नाही. ते बरोबर आहे, या बंद खोल्या खूप नंतर आल्या, 1985 च्या सुमारास ओकायामात जुन्या मालवाहू कंटेनरमध्ये कोणीतरी सुरू केल्या तिथून.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो, काउंटरवरून विचारतात वाढवायचं का. काच्यो नेहमी वाढवायचं म्हणतात आणि सोमुच्या बाई नेहमी नाही म्हणतात आणि बाईच जिंकतात, कारण तोझाई लाईनची शेवटची ट्रेन चुकली तर टॅक्सीचे पैसे कोण देणार. त्या दहा मिनिटांत एकच गाणं बसतं, ते सगळ्यांनी मिळून, बहुतेक वेळा क्यू साकामोतोचं 'उए ओ मुइते आरुको', 1961 चं, जे 1963 मध्ये अमेरिकेत 'सुकियाकी' नावाने पहिल्या नंबरवर गेलं होतं. मधल्या शिट्टीच्या तुकड्याला बुच्यो शिट्टी वाजवतात, बाकीच्यांना हसू येतं म्हणून वाजत नाही.

मार्चमध्ये आजोबांचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. निरोपाला इथे 'ओकुरु कोतोबा' म्हणायची पद्धत, कायएन्ताईचं 1979 चं, एका शाळामास्तरच्या टीव्ही मालिकेतलं, ते काच्यो म्हणणार हे ठरलंय, बिचाऱ्या गाण्याचं काय होईल ते होईल. मला आजोबांनी वेगळं काम दिलंय. पहिल्या कडव्यावर थांबू नकोस म्हणाले, तिसऱ्यात बाप आणि मोठा भाऊ आहेत, दोघंही अबोल, कधीतरी समोरासमोर बसून पीत असतील का असं त्या माणसाला वाटतं, ते यायलाच पाहिजे. त्यांनी ते कडवं 'लाइन' या मेसेजच्या ॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलंय, मागे त्यांच्या बायकोचा टीव्ही चालू आहे, आणि शेवटच्या ओळीला एक मुरकी आहे जी मला अजून नीट सापडलेली नाही.